दुसऱ्या षड्जाची तयारी

डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या त्या अपार्टमेंटमध्ये मी व्हायोलिन बाहेर काढलं ते निव्वळ रागाने. आदल्या दिवशी आम्ही एका मराठी घरी जेवायला गेलो होतो. तिथे कुणीतरी विचारलं, तुमची मिसेस काय करते? माझा नवरा पुरी तोडता तोडता म्हणाला, "लग्नाआधी व्हायोलिन वाजवायची." त्यात खोटं काहीच नव्हतं. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि वडिलांनी हट्टाने बरोबर दिलेली व्हायोलिनची पेटी पलंगाखाली जशीच्या तशी पडून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर गेल्याबरोबर मी पेटी ओढून काढली. दोन तारा तुटलेल्या होत्या. पेटीच्या झाकणात जादा तारा होत्या त्या चढवल्या, सतरंजी नव्हती म्हणून कार्पेटवरच मांडी घातली, उजवा पाय पुढे घेऊन व्हायोलिनचं डोकं घोट्यावर टेकवलं आणि सा लावला. तो लागला तशी मी ढसाढसा रडले.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. माझा नवरा एका मोटार कंपनीत ब्रेकचं डिझाइन करायचा. डेट्रॉइटच्या गाड्या खपत नव्हत्या आणि दर आठवड्याला कुणाची ना कुणाची नोकरी गेल्याची बातमी घेऊन तो घरी यायचा. आपली जाईल का, हे आम्ही एकमेकांना विचारत नसू. माझ्या व्हिसावर मला तर नोकरी करायची परवानगीच नव्हती. दिवसभर घर, हीटरची घरघर आणि खिडकीतून दिसणारा पार्किंग लॉट. मी तशी मिळूनमिसळून राहणारी बाई नाही. लोक म्हणतात मी फटकळ आहे, आणि ते बरोबर आहे. महाराष्ट्र मंडळातल्या बायकांत माझं जमत नव्हतं, अमेरिकन बायकांशी बोलायचा धीर होत नव्हता. म्हणजे राहिलं कोण? कोणीच नाही.

चार-पाच दिवस सकाळी वाजवल्यावर दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरचा गोरा माणूस दारात उभा. उंच, वाकलेला, पन्नाशीचा. आवाजाची तक्रार घेऊन आला असणार म्हणून मी आधीच तोंड वाकडं केलं. तो म्हणाला, "मॅडम, ते परत वाजवाल का?"

त्याचे आईवडील केंटकीच्या डोंगरातून डेट्रॉइटला गाड्यांच्या कारखान्यात काम करायला आले होते. तोही त्याच कारखान्यात लागला आणि त्याच वर्षी त्याची नोकरी सुटली होती. त्याचा आजा डोंगरात फिडल वाजवायचा, म्हणजे व्हायोलिनच, आणि जुनी गाणी वाजवताना तारा माझ्यासारख्या लावायचा: सा, प, सा, प. "आता तशा कुणी लावत नाही," तो म्हणाला. तो स्वतः बॅंजो वाजवायचा. चौघांचा त्यांचा ग्रुप होता आणि पाचवा, त्यांचा फिडलवाला, टेनेसीला निघून गेला होता. रविवारी दुपारी मी येईन का, असं त्याने अगदी संकोचून विचारलं. मी हो म्हटलं. इतक्या पटकन मी आयुष्यात कशालाच हो म्हटलेलं नाही.

नवरा मात्र हबकला. "अगं, आपण त्यांना ओळखत नाही. गॅरेजमध्ये प्रॅक्टिस म्हणजे काय? सेफ आहे का?"

"मग तुम्ही चला बरोबर."

"रविवारी माझं रिपोर्टचं काम असतं यार."

"तर मग मला सोडा आणि रिपोर्ट लिहायला घरी या."

मंडळातल्या एका काकूंना कळलं तेव्हा त्यांनी नाक मुरडलं. "त्या हिलबिली, डोंगरातल्या गावंढळ लोकांत कशाला जातेस? गणपतीच्या प्रोग्रॅमला वाजव की! दहा मिनिटांचा स्लॉट ॲरेंज करते." दहा मिनिटांत मी काय वाजवणार, तेही लहान मुलांचं फॅन्सी ड्रेस आणि पावभाजी यांच्या मधे. मी काकूंना नाही म्हटलं आणि त्या पुढे वर्षभर माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

ग्रुपचा पुढारी होता मॅंडोलिनवाला. शाळेत संगीत शिकवायचा, चाळिशीच्या आतला, हसरा, सतत काहीतरी नवं करायची खुमखुमी असलेला. गॅरेज त्याचंच. एका बाजूला गवत कापायचं यंत्र, रंगाचे डबे, आणि मोकळ्या जागेत मधोमध एक मायक्रोफोन. एकच. चौघं त्याच्याभोवती उभे राहायचे. ज्याची पाळी तो पुढे सरकायचा, वाजवून झालं की मागे व्हायचा, आणि दुसरा त्याच्या जागी. कुणाचा कुणाला धक्का लागत नसे. मी पहिल्या दिवशी खालीच बसले, तर बॅंजोवाल्याने आतून गालिचा आणून घातला आणि मॅंडोलिनवाल्याने मायक्रोफोनची दांडी माझ्याकडे वाकवली. कुणी हसलं नाही. हे मला विसरता येत नाही.

त्यांच्या वाजवण्याला ब्लूग्रास म्हणतात. डोंगरातल्या लोकांचं संगीत, विजेची वाद्यं नाहीत, ढोलकं नाही. ठेका मॅंडोलिनवाला द्यायचा, तारा दाबून उलट्या मात्रेवर चक्‌, चक्‌. बॅंजोचे सूर भराभर सांडत असायचे, गिटार आणि उभं मोठं बास खालून आधार द्यायचं. पण हे लोक नुसतं जुनं वाजवून थांबत नसत. जुनी चाल घ्यायचे, आणि मधेच मॅंडोलिनवाला जॅझमध्ये शिरायचा. मग चाल वळसे घेत कुठल्या कुठे जायची आणि सगळे एकमेकांकडे बघत तिच्या मागे जायचे. जुन्या वळणाच्या लोकांना ते आवडत नसे. एका चर्चच्या जेवणात त्यांना मधेच थांबवून "नीट वाजवा" म्हणून सांगितलं होतं, असं बॅंजोवाला हसत सांगायचा. मला सुरुवातीला त्यांचं निम्मं कळत नव्हतं. पण ज्या जुन्या चाली एका सुरावर उभ्या असत, तिथे मी खालचा सा धरून वर सावकाश आलापीसारखं काही वाजवलं की चौघं डोळे मिटायचे. मॅंडोलिनवाला म्हणायचा, "ग्रेट." अमेरिकन लोक सगळ्यालाच ग्रेट म्हणतात, म्हणून मी ते मनावर घेत नसे. पण आठवडाभर तेवढ्या एका रविवारची वाट बघून मी दिवस ढकलत होते, हे खरं. त्या देशात मी कुणीतरी होते अशी ती एकच जागा होती, गवताच्या यंत्राशेजारी दीड हात गालिचा.

नाताळनंतर मॅंडोलिनवाल्याने स्वतःची नवी रचना आणली. उन्हाळ्यात मोकळ्या मैदानावर मोठा मेळा भरायचा, बाहेरगावचे ग्रुप यायचे. तिथे ती वाजवायची होती. ती जमली तर आपल्याला कुणी ओळखायला लागेल, असं तो म्हणाला. त्या रचनेत षड्ज, म्हणजे सा, तीनदा बदलत होता.

संगीतात नसलेल्या माणसाला हे कसं सांगू? आमच्याकडे सा एकदा लावला की मैफल संपेपर्यंत तो हलत नाही. तंबोरा तोच, तारा त्याच, बाकी सगळे सूर त्या साच्या नात्याने ओळखायचे. आणि इथे पहिला भाग संपला की सा उचलून दुसरीकडे ठेवायचा, पुन्हा तिसरीकडे, पुन्हा परत. त्यांना यात विशेष काही वाटत नव्हतं. जागा बदलली की माझी बोटं मात्र अनोळखी घरात अंधारात चाचपडल्यासारखी व्हायची. माझ्या तारा सा-प-सा-पच्या. त्या लावणीत हे अशक्यच होतं. तारा त्यांच्यासारख्या लावायच्या, म्हणजे लहानपणापासूनची सगळी बोटं पुसून टाकायची आणि नव्याने शिकायचं.

मी ठरवलं, शिकायचं.

नवरा कामावर गेला की मी पेटी उघडायची, तारा उतरवून त्यांच्या पद्धतीने लावायची आणि दुपारपर्यंत तो दुसरा भाग घासायची. कानात जुना सा इतका घट्ट बसला होता की नवा लागतच नसे. लागला की दोन ओळींनी पुन्हा जुन्यावर घसरायचा. बाहेर बर्फ, आत मी, आणि रोज तीच चूक. कित्येकदा मी व्हायोलिनचा गज फेकून दिलाय. एकदा इतक्या जोरात फेकला की खालून बॅंजोवाल्याने ठीक आहात ना म्हणून ओरडून विचारलं. त्याला माझं घासणं ऐकू जात असणार, पण भिंती-फरशांतून काय कळणार, स्केल्स करतेय असं त्याला वाटलं असेल. मी त्याला काही सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, कुणालाच नाही. तो घरी यायच्या आत तारा पुन्हा सा-प-सा-पवर आणून ठेवायची.

माझ्या गुरुजींचं घर मिरजेला होतं. त्यांचा एक नियम होता: कच्चं कुणापुढे वाजवायचं नाही. एक पलटा पक्का व्हायला वर्ष लागलं तर लागलं, तोवर तो खोलीबाहेर जाता कामा नये. मावसबहिणीच्या डोहाळजेवणात मी एकदा अर्धवट बसलेली गत वाजवली, तर ते महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते. हे माझ्या हाडीमांसी खिळलेलं. तेव्हा रविवारी गॅरेजमध्ये मी काय करायची? पहिला भाग वाजवायची, तो मला येत होता. दुसरा सुरू झाला की गज मांडीवर ठेवायची आणि गुडघ्यावर बोटांनी मात्रा मोजत, कान लावून सगळं टिपून घ्यायची. घरी जाऊन त्यावर मेहनत. माझ्या मते याहून प्रामाणिक वागणं असूच शकत नव्हतं.

ते मात्र उलटे. दर रविवारी कच्चा माल घेऊन यायचे. गिटारवाला अर्धीच ओळ वाजवायचा आणि "पुढे काय ते माहीत नाही" म्हणून थांबायचा, मग दुसरा कुणी ती पुढे न्यायचा. चुकले की खो खो हसायचे. मॅंडोलिनवाला मला म्हणायचाही, "चुका घेऊन या, त्यातूनच चाल होते." मला वाटायचं, तोंडदेखलं बोलतोय. आणि खरं सांगायचं तर मनातून मी त्यांना थोडं कमीच लेखायची. एवढी तयारीची माणसं आणि रियाज असा चारचौघांत करतात? आम्हाला कुणी असं करू दिलं नसतं.

मार्च गेला, एप्रिल गेला. बर्फ वितळून चिखल झाला. एकदा मॅंडोलिनवाल्याने दुसऱ्या भागाच्या आधी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी मान हलवून नको म्हटलं. अजून आठवडाभराचं काम बाकी होतं, आणि घाई करून नासवायची नव्हती. त्याने मान डोलावली आणि पुढे वाजवायला लागला.

मे महिन्यात एका सकाळी ते जमलं. तिन्ही वळणं एकदाही न घसरता. मी पुन्हा वाजवलं, पुन्हा जमलं. संध्याकाळी नवऱ्याला गरम गरम थालीपीठ केलं, तर तो म्हणाला, "आज काय स्पेशल?" मी म्हटलं, "रविवारी कळेल." त्या रविवारी मी पहिल्यांदाच तारा त्यांच्या पद्धतीने लावून पेटी नेली.

गॅरेजमध्ये मायक्रोफोनपाशी पाचवा माणूस उभा होता. पंचविशीचा, दाढीवाला, हनुवटीखाली फिडल. नव्या रचनेचा दुसरा भाग चालला होता आणि तो गडबडला होता, म्हणून सगळे हसत होते. मला पाहून हसणं थांबलं. बॅंजोवाला खाली बघायला लागला. तेव्हाच मला सगळं समजलं, बाकीचं नुसतं ऐकून घ्यायचं होतं.

मॅंडोलिनवाला मला बाहेर अंगणात घेऊन गेला. माणूस वाईट नव्हता, त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं की हे त्याच्या जिवावर आलंय. तो म्हणाला, "मेळा जवळ आला. तुम्ही पाच महिने दुसऱ्या भागाला हात लावला नाही, तेव्हा आम्हाला वाटलं की तो तुमचा प्रांत नाही, आणि तुम्हाला भरीला घालणं बरं नव्हे. म्हणून फिडलला या मुलाला बोलावलं. पण तुम्ही हव्याच आहात. सुरुवात तुमच्या त्या लांब सुरानेच करू. तुम्ही बसून तो धरायचा, आम्ही वरून येऊ."

म्हणजे तंबोरा. मिरजेत बारा वर्षं घासून मी त्या मैदानात तंबोरा धरून बसणार होते. माझं डोकं फिरलं. मी आत गेले, गालिचा कोपऱ्यात गुंडाळून ठेवला होता तो स्वतः अंथरला, बसले, आणि कुणाला काही न विचारता ती रचना सुरुवातीपासून वाजवली. पहिला भाग, दुसरा, तिसरा, आणि परत. कुणी साथ केली नाही. कुणाला करताच आली नसती, इतकी मी सुसाट निघाले होते. एकही सूर इकडचा तिकडे झाला नाही. अशी मी पुन्हा कधी वाजवू शकले नाही.

वाजवणं झालं. मग बॅंजोवाला म्हणाला, "हे कधीपासून?"

"जानेवारीपासून."

"तुमच्या खाली राहतो मी," तो म्हणाला. "एकदा तरी बोलायचंत. मी वर आलो असतो बॅंजो घेऊन." त्याचे डोळे भरून आले होते. माझे नव्हते, मी अजून रागातच होते.

मॅंडोलिनवाला मात्र विचारात पडला होता. आता हा त्या दाढीवाल्याला घरी पाठवील, अशी माझी खात्री होती. आपल्याकडे तसंच झालं असतं. जो तयार, त्याची जागा. तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "हे निर्दोष आहे. माझ्याहून चांगलं वाजवलंत. पण तुम्ही ते संपवून आणलंत. यात आम्ही शिरायचं कुठून?"

मी म्हटलं, "म्हणजे काय?"

"म्हणजे या जागा आम्ही गेले पाच महिने एकमेकांकडे बघून बदलत आणल्या. तुम्ही वाजवलीत ती जानेवारीतली चाल आहे."

आणि ते खरं होतं. दर रविवारी ऐकूनसुद्धा मी घरी जाऊन तेच पहिलं घोटत होते. नंतरचे बदल म्हणजे त्यांच्या चुका असं धरून मी ते सोडून दिले होते. त्याने पुन्हा त्या लांब सुराचं विचारलं, खूप मनापासून विचारलं. मी इंग्रजीत "नो, थँक यू" म्हटलं आणि पेटी बंद केली. बॅंजोवाला घरी सोडायला आला. उतरताना तो म्हणाला, "माझ्या आज्याच्या लावणीत कधीतरी वाजवू, आपण दोघंच." मी हो म्हटलं. पण जुलै लागायच्या आत भाडं परवडेना म्हणून तो बहिणीकडे राहायला गेला, आणि ते राहून गेलं.

त्या दिवशी नवऱ्याला सगळं सांगितलं तर तो गुरुजींवर, मॅंडोलिनवाल्यावर, गोऱ्या लोकांवर, सगळ्यांवर चिडला. माझ्या बाजूने तो कधी नव्हे इतका बोलला. मला त्याचं बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पुढचे कितीतरी आठवडे मला सकाळी उठावंसंच वाटत नव्हतं. तो गेला की मी पुन्हा पलंगावर आडवी व्हायची आणि पार्किंग लॉटमध्ये गाड्या लागताना-निघताना ऐकत पडायची.

मेळ्याला जायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण नवऱ्यानेच हट्ट केला. शनिवारची दुपार, लोक गवतावर चादरी पसरून बसलेले, भाजलेल्या कणसांचा वास. आमच्याकडे, म्हणजे त्यांच्याकडे, पाऊण तास होता. पाचही जण एका मायक्रोफोनभोवती उभे. बॅंजोवाल्याने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. नवी रचना त्यांनी शेवटी घेतली. पहिला भाग छान झाला. दुसऱ्या षड्जाची जागा जवळ आली आणि तो दाढीवाला मुलगा एक मात्रा आधीच उडी मारून बसला. चक्क बेसूर. मी गवतात ताठ झाले. मॅंडोलिनवाला गर्रकन त्याच्याकडे वळला, मान मागे टाकून हसला, आणि त्याची ती चुकीची ओळच उचलून आपल्या तारांवर वाजवली. बासवाला खाली आला, गिटार आली, बॅंजोवाला दोन पावलं सरकून त्या मुलाच्या अगदी खांद्याशी जाऊन उभा राहिला, आणि सगळ्यांनी मिळून त्याला त्या नव्या सुरावर नेऊन ठेवलं. लोक उभे राहिले, टाळ्या, शिट्ट्या. मुलाचा चेहरा लाल झाला होता आणि तोही हसत होता.

नवरा माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "चुकला ना तो? तू असतीस तर चुकली नसतीस."

"नाही," मी म्हटलं, "नसते चुकले." आणि मला रडू फुटलं, आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले इतकं. तो बिचारा माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला, पुढच्या वर्षी बघू, दुसरा ग्रुप बघू, म्हणत राहिला. मला त्याला सांगता येईना की मला त्यांच्यात बसून चुकायचं होतं.